खंडेनवमीची पाटी

अण्णांनी वर्षभर खपून केलेली सर्किटची पाटी मी बुडवली. मीच.

तशी मी घाबरट नाही हं! यंदा विज्ञान प्रदर्शनात पहिली आले, वर भाषणही ठोकलं. पाटीवरचे सोल्डरचे शेवटचे आठ डाख मी दिलेत. अण्णा शेजारी उभे होते, पण हात माझा.

कारखान्यात नवं मिलिंग मशीन आलं होतं, छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवर चालणारं. फीत वाचून त्याला हुकूम कुणी द्यायचे, ते दसऱ्यानंतर एकाच चाचणीत ठरणार होतं: परदेशी, काचेच्या व्हॉल्व्हचं माणसाएवढं कपाट, की अण्णांची शाळेच्या पाटीएवढी ट्रान्झिस्टरची पाटी. पाटी हरली तर अण्णा पुन्हा दुरुस्ती खात्यात.

खंडेनवमीला कारखान्यात मशिनांची पूजा असते, घरच्यांनाही बोलावतात. व्यंकोजी फोरमन ताट घेऊन फिरत होते.

"काय अक्का, लेथला झालं, ड्रिलला झालं. तुमची पाटी शिकलेली, म्हणून देव मानत नाही होय?"

"मानते की! द्या इकडे."

अण्णा तिकडे साहेबांशी बोलत होते. मी पाटीवर ओल्या कुंकवाची पाच ठसठशीत बोटं ओढली.

"स्वल्प पुरे," व्यंकोजी त्यांच्या कानडी वळणानं म्हणाले. मी ऐकते होय!

चाचणीच्या सोमवारी अण्णा चारलाच घरी आले. पाटी वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"तीन ओळी बरोबर वाचल्या. मग मशीनचं टेबल उजवीकडे जायचं, ते डावीकडे गेलं. कटर तुटला."

मी पाटी उलटी केली. दोन डाखांना जोडत कुंकवाचा ओघळ वाळला होता.

"अण्णा, हे माझं! उद्या मी येते, साहेबांना सांगते. पुन्हा चाचणी घेतील."

"मला तिथेच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तिथे तेल उडतं, पाणी उडतं, दरसाल पूजा होते. बोटभर ओलीनं बिघडणारी वस्तू मशीनवर कशी बसवायची? त्यांच्या कपाटाला दार आहे, नयना. मी पाटीला साधी डबी केली नाही." चप्पल काढत ते म्हणाले, "कपाट घ्या म्हणून सही करून आलोय."

ते आत गेले. मी स्पिरिटनं पाटी घासून पुसली, बॅटरी जोडली. पाटीवरचे तपासणीचे चारही दिवे ओळीनं लागले, एकही चुकला नाही.

"अण्णा, चालतेय! या ना!"

"सरी," आतून आवाज आला. कारखान्यातलं कानडी 'बरं'.

मी दिवे लावून ठेवले. बॅटरी उतरेपर्यंत वाट पाहिली. ते आले नाहीत.