गाडी मागे घेताना

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. पण मला 'बिचारी' म्हणू नका, तो शब्द मला चालत नाही. माझा जन्म विलायतेतला. माझ्या दारांचे पत्रे माणसांनी लाकडी हातोडीने ठोकून वळवले आणि नाकावरचं चिन्ह एका म्हाताऱ्या कारागिराने फडक्याने घासून चमकवलं. पुढे त्या कारखान्याला घरघर लागली. आमचं नाव या मालकाकडून त्या मालकाकडे फिरलं आणि शेवटी एका चिनी कंपनीने विकत घेतलं. तेव्हा मी रस्त्यावर चांगली धावत होते. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

माझी मालकीण दातांची डॉक्टर. सगळे त्यांना बाई म्हणत. खुर्चीतल्या माणसाने घाबरू नये म्हणून त्या काम करताना गुणगुणायच्या. माझा हॉर्न बसला, तेव्हा तो दुरुस्त करायचं त्यांनी मनावरच घेतलं नाही. गाडी मागे घेताना काच खाली करून त्या तोच सूर मोठ्याने धरायच्या. दारात खेळणारी त्यांची एकुलती एक लेक सूर कानावर पडताच पळत जाऊन भिंतीला चिकटायची. मायलेकींचं ते ठरलेलंच होतं.

बाई गेल्या. लेक तोवर आमच्याच नावाच्या नव्या गाड्या विकणाऱ्या शोरूममध्ये कामाला लागली होती. डोळ्यांसमोर राहीन म्हणून तिने मला तिथेच आणून ठेवलं. कौतुक पुष्कळ झालं. लोक माझ्याजवळ उभं राहून फोटो काढायचे आणि घरी न्यायला नवी गाडी घ्यायचे. त्या विजेच्या गाड्यांना इंजिनच नाही. नाकावर चिन्ह माझं, पण शेजारी कधी येऊन थांबल्या ते कळायचंही नाही. म्हणे माझीच लेकरं. खरं सांगते, मला त्यांची भीती वाटायची.

अशा मुक्या गाडीखाली कुणी सापडू नये म्हणून हळू चालताना तिला आवाज द्यावा लागतो. तो माझा द्यायचा, असं कंपनीत ठरलं. एक चिनी इंजिनीअरबाई माइक घेऊन आली. ती बोलली की तिचा मोबाईल आमच्या भाषेत बोलायचा, पाठ केलेल्या निबंधासारखा. दारं-खिडक्या बंद झाल्या. लेकीने किल्ली फिरवली. मी खोकले आणि धडधडू लागले.

इंजिनीअरबाईने हात वर केला. मोबाईल म्हणाला, "कृपया गाऊ नये."

"मी कुठे गातेय?" लेक म्हणाली.

"गाडीमध्ये एक स्त्री गात आहे."

लेकीने तिचा हेडफोन कानाला लावला आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला.

"अहो, ही माझी आई आहे," ती म्हणाली. "गाडी मागे घेतेय."

इंजिनीअरबाई पांढरीफटक पडली, पण काम ते काम. कंपनीला स्वच्छ आवाज हवा होता. लेकीने हात जोडले. "नका ना पुसू! माझ्याकडे तिचा आवाज दुसरा कुठेच नाही."

"ध्वनीमध्ये दोष ठेवता येत नाही," मोबाईल म्हणाला.

सूर पुसला गेला आणि नुसती माझी धडधड नव्या गाड्यांत गेली. मित्रांनो, माझ्यातूनही तो सूर गेला. लेक मला सुरू करते, स्टिअरिंगवर डोकं टेकून ऐकते आणि बंद करते. शपथेवर सांगते, मी काही लपवून ठेवलेलं नाही.

मग एक दिवस ती मागच्या आवारात फोनवर बोलत उभी होती. ड्रायव्हर नवी गाडी मागे घेत होता. त्याला ती दिसली नाही. मला काचेतून सगळं दिसत होतं, पण मी काय करणार! एकाएकी बोलणं अर्धवट टाकून ती भिंतीला जाऊन चिकटली. गाडी तिच्या बाहीला घासून गेली.

ड्रायव्हर घामाघूम होऊन उतरला. "ताई, थोडक्यात वाचलात! हिचा आवाज अजून जोडलेलाच नाही. तुम्हाला कळलं कसं?"

लेक हसली. इतकी आनंदाने हसली की माझ्या पत्र्यावर काटा आला.

तेव्हापासून ती काहीतरी निमित्त काढून आवारात जाते. एखादी गाडी मागे यायला लागली की तिच्याकडे पाठ करते, डोळे मिटते आणि त्या सुराची वाट बघते. काल भिंतीपर्यंत पोचायला तिला उशीर झाला. आज ती आणखी थोडी पुढे सरकून उभी राहिली.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी स्वतःची निगा राखायला सांगतात. मला गंज चढला तरी चालेल. पण तुम्ही त्या आवारावरून जात असाल आणि ती डोळे मिटून उभी दिसली, तर आधी तिचा हात धरा आणि तिला बाजूला ओढा. ती रागावेल. "थांबा, आता येईल," म्हणून रडेलसुद्धा. रडू द्या, पण हात सोडू नका. बाई असत्या तर त्यांनीही सोडला नसता.