किल्लीचं गाणं

क्लबच्या दारात ताईने पुन्हा एकदा विचारलं, "मी बरी दिसतेय ना?"

"आपण ऐकायला आलोय," भावोजी म्हणाले. "दिसायचं काम तिचं."

क्लब म्हणजे टायरच्या दुकानामागचं जुनं गोदाम. आत वेगवेगळ्या घरांतून गोळा केल्यासारख्या खुर्च्या होत्या आणि गुडघ्याएवढ्या उंचीचं व्यासपीठ. बाहेर अजून चांगला उजेड होता आणि रांग दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. दारातली मुलगी प्रत्येकाला तेच सांगत होती: फोन बंद करून पिशवीत ठेवा, मध्यंतरात बाहेरच्या बोळात वापरा, रेकॉर्डिंग चालणार नाही. हा गायिकेचा पहिल्यापासूनचा नियम. तिच्या कार्यक्रमात काय होतं हे जाऊन आलेल्यांच्या तोंडूनच कळायचं, आणि आम्ही दोघी ते वर्षानुवर्षं गोळा करत आलो होतो.

बाबा तिला गिटारवाली म्हणायचे, म्हणून आम्हीही. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. कुणी गिऱ्हाईक तिची पहिली कॅसेट दुकानात विसरून गेलं आणि ती आमच्या घरी आली. तेव्हा ताई शाळेत होती आणि मी तिच्या मागे मागे. ती कॅसेट आम्ही इतकी वाजवली की आई म्हणायची, आता हिला रेशनकार्डावर घ्या. ती गाणी गिटारवालीने पुढे कधीच बाजारात आणली नाहीत. नंतरची सगळी फोनवर मिळतात. पहिली फक्त त्या कॅसेटवर. नंतरच्या गाण्यांत तिचा आवाज जरा जाड लागतो. वय वाढलं की तसं होतंच, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

त्या कॅसेटवर किल्लीचं गाणं आहे. एकजण वरच्या मजल्याच्या खिडकीत, दुसरी खाली रस्त्यावर. वरची विचारते, कुठे होतीस इतके दिवस, खालची काहीबाही सांगते आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी म्हणते, "किल्ली टाक गं खाली, मी आलेय." हे "आलेय" फार वर जातं. घरी मी खिडकीतली असायचे आणि ताई रस्त्यावरची, कारण ते "आलेय" तिलाच यायचं. शेजारच्या काकू ते ऐकून खरंच खिडकीत येऊन बघायच्या.

आणि गिटारवाली प्रत्यक्ष कार्यक्रमात हे गाणं एकटी गात नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. ती व्यासपीठावर दुसरा माइक ठेवते आणि विचारते, "खालचा आवाज कुणाचा?" ज्याला यायचं तो येतो. ताईला तो माइक शाळेत असल्यापासून हवा होता. तिने दुसरं काही इतकं मागितलेलं मला आठवत नाही. लग्नसुद्धा तिने आलं तसं केलं, असं भावोजीच सांगतात.

पण गेल्या वर्षी तिच्या गळ्यातली गाठ काढली. कितीतरी आठवडे ती नुसती कुजबुजत होती. ताई गाडी चालवायला शिकवते. कुजबुजून ते होत नाही. मग आवाज परत आला, पण खाली उतरलेला, थोडा खरखरीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलण्यापुरता उत्तम राहील, वरच्या सुरांचं मी सांगू शकत नाही. ताईने घरी दार लावून "आलेय" म्हणून पाहिलं. मी बाहेर उभी होते. तो सूर अर्ध्यातच फाटला. दार उघडून ती म्हणाली, "झालं. आता ऐकायची कामं."

आज तिने तेच ठरवलं होतं. ऐकायचं आणि यायचं. मला ते पटलं नव्हतं, पण फाटलेल्या सुरावर माझ्याकडे उपाय नव्हता.

गिटारवाली आली तेव्हा टाळ्या आधी मागून सुरू झाल्या. ती बाजूच्या दाराने नाही, आमच्याच मधून चालत आली. गिटार पाठीवर, हातात पाण्याची बाटली. माझ्या दंडाला तिचा कोपर लागला. ताईने माझं मनगट असं आवळलं की बोटांना मुंग्या आल्या.

"लागला," मी म्हटलं. "तिचा कोपर मला लागला."

"मला सांगतेस? मी बघितलं ना!" ताई म्हणाली. "उद्या तो हात धुऊ नकोस."

"कोपर तिचा होता," भावोजी म्हणाले. "धुवायचा की नाही ते ती बघेल."

पहिली दोन गाणी नवी होती. आम्हाला तोंडपाठ. छोट्या जागेत आवाज किती जवळ येतो हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण तो बरगड्यांना लागतो हे माहीत नव्हतं. ती श्वास घ्यायची तो ऐकू यायचा. तारेवरून बोट सरकल्याची किरकिरसुद्धा. ताई सीटच्या टोकावर बसून सगळं गात होती, ओठांनी, आवाज न काढता.

मग गिटारवालीने पहिल्या कॅसेटवरचं सायकलचं गाणं सुरू केलं. सभागृहात एकच आरडाओरडा झाला. आमच्यासारखे बरेच होते तर! सगळे गाऊ लागले, मीही. आणि दुसऱ्या ओळीला आम्ही दोघी सगळ्यांच्या एक शब्द पुढे होतो.

आम्ही थांबलो, पुन्हा धरलं. पुन्हा पुढे.

"तुम्हाला गाडी पकडायचीय का?" भावोजींनी वाकून विचारलं.

"तिनेच सावकाश केलंय," ताई माझ्या कानात म्हणाली. "आणि पट्टी बघ किती उतरवलीय. बिचारी. आवाज गेला तिचाही." ते म्हणताना तिचे डोळे भरून आले होते.

मला मात्र ते खटकलं. आजूबाजूचे सगळे आरामात गात होते. त्यांनीही तीच कॅसेट ऐकलेली असणार. त्यांना गाणं सावकाश का वाटत नव्हतं?

गाणं संपल्यावर गिटारवाली तारा जुळवत म्हणाली, "लोक मला म्हणतात, वयाप्रमाणे पट्टी खाली आण. मी म्हणते, मला दुसरी येतच नाही. ज्या पट्टीत लिहिलं, त्याच पट्टीत गाते. आळस, दुसरं काय!"

लोक हसले. मी हसले नाही. मी मोजमापाच्या प्रयोगशाळेत काम करते. दुकानांचे, दवाखान्यांचे काटे आमच्याकडे तपासायला येतात. काटा चुकतो तेव्हा तो बहुधा सगळीच वजनं चुकीची दाखवतो, आणि एकच काटा असलेल्या घराला ते कळत नाही. आमच्या घरी टेपरेकॉर्डर एकच होता, तोही बाबांनी दुरुस्त केलेला. बाबा नेहमी म्हणायचे, "सिनेमाची तीच गाणी रेडिओवर कशी सुस्त वाटतात! आपल्या टेपमध्ये दम आहे."

मध्यंतर होताच मी बोळात जाऊन बाबांना फोन लावला.

"काय झालं? गाडी बंद पडली?"

"नाही बाबा. आपला टेप बिघडला होता तेव्हा तुम्ही त्याच्या मोटरवर चकती बसवली होती. कुठली होती ती?"

"हे आत्ता विचारतेस? शिलाई मशीनवर दोऱ्याची बॉबिन भरतात ना, त्या चाकाची होती. का?"

"आधीच्या चकतीएवढीच होती?"

"जराशी जाड. पण बसली ना चपखल? कित्येक वर्षं चालला."

"जोरात चालला, बाबा."

"मग? न चालण्यापेक्षा बरं!"

मी फोन ठेवला आणि मला एकटीलाच हसू फुटलं. मोटरवरची चकती जाड, म्हणजे पट्टा अधिक वेगाने फिरणार, फीत पळणार, गाणं घाईत आणि आवाज वर. आम्ही तिचं गाणं तिच्यापेक्षा वरच्या पट्टीत शिकलो होतो. ताईचं जे "आलेय" फाटलं, ते गाण्यात नव्हतंच.

ताई हात धुवायच्या बेसिनपाशी तोंडावर पाणी मारत होती. मी तिला सगळं सांगितलं, एका दमात, चकतीपासून.

"म्हणजे बाबांनी—" ती म्हणाली.

"हो."

"आणि तू? दिवसभर जगाचे काटे तपासतेस. घरातला एक टेप नाही तपासलास?"

"नाही तपासला. ताई, आता ते गा."

"इथे? बेसिनपाशी?"

"वर चढवू नकोस. आत्ता बोलतेयस ना, तिथूनच सुरू कर. तिने सायकलचं गायलं तसं."

"मला नको शिकवू." पण तिने मान खाली घातली, नळ बंद केला आणि हळूच म्हटलं, "किल्ली टाक गं खाली, मी आलेय." सूर खरखरीत होता. पण लागला. पूर्ण लागला आणि तिथे थांबला. कॉफीच्या रांगेतल्या एक आजी वळून बघायला लागल्या.

ताई आरशात स्वतःकडेच बघत राहिली. "योगायोग असेल," ती म्हणाली.

"पुन्हा करून बघ. दोनदा आलं तर योगायोग नाही."

तेवढ्यात घंटा झाली.

उत्तरार्धात मी एकही गाणं धड ऐकलं नाही. गिटारवालीने दुसरा माइक स्वतः उचलून आणला, त्याची उंची कमी-जास्त केली आणि डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे पाहिलं. "खालचा आवाज कुणाचा?"

पुढच्या ओळीतला एक दाढीवाला अर्धा उठला. ताई बसूनच होती, पर्स दोन्ही हातांनी धरून. मी ऊठ म्हटलं असतं तर ती उठली नसती, एवढं मी तिला ओळखते. मग तिने पर्स माझ्या मांडीवर टाकली आणि उभी राहिली. भावोजींनी पाय आत घेतले. दाढीवाल्याने मागे वळून तिचा चेहरा पाहिला आणि खाली बसला.

"काय करता तुम्ही?" गिटारवालीने विचारलं.

"गाडी शिकवते."

"मग आवाज असणारच."

"होता," ताई म्हणाली. "बघू या."

गिटार सुरू झाली. वरच्या खिडकीतली विचारू लागली, कुठे होतीस, आणि तिची ओळ संपायच्या आतच ताई रस्त्यावरून बोलून मोकळी झाली. सभागृह हसलं. गिटारवालीने तारांवर तळवा ठेवला.

"अहो, मी अजून खिडकी उघडतेय!"

ताईचे कान लाल झाले. मला वाटलं, ती आता उतरते. पण ती माइकमध्ये म्हणाली, "आमच्या घरी तुम्ही पळायचात. वडिलांनी टेपला शिलाई मशीनची चकती बसवली होती. आत्ता मध्यंतरात कळलं."

गिटारवाली अशी हसली की तिला गिटार सावरावी लागली. "इतकी वर्षं? पळतेय मी? दमले असेन हो!" तिने डोळे पुसले. "चला, आज चालत जाऊ. मी तुमच्याकडे मान हलवीन, मग या."

पुन्हा सुरू झालं. ताई आधी मान हलायची वाट बघायची, मग गायची. शिकवायच्या गाडीत तिच्या बाजूलाही ब्रेक असतो. दुसऱ्यांच्या गाडीत बसली तरी तिचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. आताही तो दाबलेला होता. व्यासपीठावर, त्या सगळ्यांसमोर, ती ब्रेक धरून गात होती आणि एक शब्दही पुढे जात नव्हती.

कडव्याचा शेवट आला. मान हलली. "किल्ली टाक गं खाली," ताई म्हणाली आणि मी तिची पर्स घट्ट धरली, "मी आलेय."

सूर लागला. खरखरीत, रुंद, तिचा नवा आवाज. गिटारवालीने भुवया उंचावल्या आणि पुढच्या कडव्याला ती स्वतः माइकपासून मागे सरली, म्हणजे ताईचा आवाज पुढे राहील. तिसऱ्या कडव्याला सगळं गोदाम खालच्या आवाजात गात होतं. भावोजीसुद्धा, शब्द येत नसताना. शेवटच्या "आलेय"ला ताईने पाय उचलला.

टाळ्यांमधून वाट काढत ती परत आली तेव्हा घामाने भिजली होती. खुर्चीत कोसळली, माझा दंड धरला आणि कानाशी तोंड आणून जवळजवळ ओरडली, "अगं, वर अजून जागा उरली होती!"