उलटवलेली पाकिटं

ताई नाण्यांच्या दुकानाची पायरी चढली तीच तणतणत. मागून धाकटा भाऊ, तिची छत्री हातात घेऊन, मार खाल्ल्यासारखा चेहरा करून.

"एक फोन करता येत नव्हता? अप्पांचा नाण्यांचा डबा इथे विकलास, आणि मला कळतं कधी? पंधरा दिवसांनी! तेही चहा पिता पिता!"

"ताई, तूच म्हणायचीस ना, अप्पांना पोरांपेक्षा या चकत्या प्याऱ्या? मला वाटलं, ब्याद गेली तर तुला बरंच वाटेल."

"नाणी गेली खड्ड्यात. मला पाकिटं हवी होती!"

अप्पा तराजू दुरुस्त करायचे. देवाने त्यांना हात सोन्याचे दिले, जीभ द्यायची मात्र राहूनच गेली. दर रविवारी ते जुना बाजार पालथा घालायचे आणि एखादं नाणं घेऊन यायचे. नवी वजनं ज्या जाड कागदात गुंडाळून येत, त्याचंच पाकीट करायचे. गोंद लावायचा नाही, नाण्याला डाग पडतात. एक कोपरा दुसऱ्याच्या आत खोचायचा, बस्स. आणि वर पेन्सिलीने तारीख टाकून दोन ओळी लिहायच्या. 'बटणवाल्याच्या खोक्यात तळाशी सापडलं. धाकट्याला गोवर. आज जेवला.' घरात सगळे हसायचे त्या ओळींना. ताई तर सर्वांत मोठ्याने.

मग बावीस वर्षांपूर्वीचा तो रविवार आला. तिच्या लग्नावरून भांडण पेटलं आणि ताई बॅग उचलून निघून गेली. नंतर शेजारणीने सांगितलं, तू गेलीस आणि अर्ध्या तासात अप्पा पिशवी घेऊन बाजाराला निघाले. तो काटा आत रुतला तो रुतलाच. पुढे येणंजाणं सुरू झालं, औषधपाण्याच्या गप्पा झाल्या. त्या दिवसाबद्दल मात्र तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आता अप्पाच नाहीत. त्या दिवशी त्यांनी काय लिहिलं होतं, एवढंच तिला बघायचं होतं.

"पाकिटं?" गळ्यात भिंग अडकवलेला दुकानदार म्हणाला. "ती कोण ठेवतं, ताई? टाकून दिली."

ताई मटकन स्टुलावर बसली. समोर काचेच्या पेटीवर उघडे ट्रे, त्यात नाण्यांची पाकिटं ओळीने उभी, प्रत्येकावर निळ्या शाईत किंमत. ती नुसती बघत राहिली. मग तिचा हात पुढे गेला. कोपरा खोचलेला! तिने घडी उलगडली. आतल्या बाजूला पेन्सिलीचं बारीक, तिरकं अक्षर.

"टाकून दिली म्हणता? उलटवलीत!"

"जाड कागद आहे हो. वाया कशाला घालवायचा?"

"वाया? माझ्या बापाचं अक्षर आत कोंबून वर किमती टाकता?" तिने ट्रे आपल्याकडे ओढला. "ही सगळी पाकिटं मला द्या. नाणी ठेवा तुमची तुम्हाला."

दुकानदाराचे डोळे बारीक झाले. नाणी सोडून कागद मागणारं गिऱ्हाईक त्याने आजवर पाहिलं नव्हतं. "असं काय लिहिलंय त्यात? आणखी माल कुठे आहे, ते?"

"माझ्या भावाचा गोवर लिहिलाय! घेता का विकत?"

"मग पाकिटांचीही किंमत पडेल."

बस्स. ताईने पाकीट उपडं केलं. नाणं काचेवर खण्णकन आपटलं. दुसरं. तिसरं.

"अहो, ओरखडे पडतील! मातीमोल होतील!"

"होऊ देत! अजून चाळीस तरी आहेत इथे."

"देऊन टाका हो," भाऊ काकुळतीने म्हणाला. "ती खरंच आपटेल. मी तिला लहानपणापासून ओळखतो."

दुकानदाराने कपाळाला हात लावला आणि एकेक नाणं स्वतःच जपून काढायला सुरुवात केली. ताई घड्या उलगडत गेली. भावाच्या परीक्षा, आईचं दुखणं, तिचा स्वतःचा पहिला पगार. वाचता वाचता राग निवायचा सोडून चढतच होता.

"ते राहू द्या," दुकानदार एकदम म्हणाला. "ते भारी नाणं आहे. चांदीचं."

तिने ते आधीच उघडलं होतं. तारीख तीच.

'स्टँडवर गेलो. बस सुटली होती. तिथल्या फेरीवाल्याकडून घेतलं. घरी येऊन पाहिलं तर खोटं. आज काही नीट दिसत नव्हतं.'

ताईने पुन्हा वाचलं. मग तिचा आवाज असा चढला की बाहेर रस्त्यावरचा माणूस थबकला.

"मग सांगायचं नाही का? बावीस वर्षं! कागदाला सांगता, मला सांगायला काय तोंड शिवलं होतं?"

"मी काय केलं?" दुकानदार दचकला.

"तुम्ही गप्प बसा! आणि हे नाणं खोटं आहे, तेवढी किंमत खोडा."

त्याने भिंग डोळ्याला लावलं, कड फिरवून फिरवून पाहिली आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "न्या," तो पुटपुटला. "नाण्यासकट न्या."

ताईने नाणं पाकिटात ठेवलं, अक्षर बाहेर राहील अशी घडी घातली. पण कोपरा काही आत जाईना.

"दे इकडे," भाऊ म्हणाला. "खालचा कोपरा वरच्यात खोचायचा, ताई. तू नेहमी उलटंच करायचीस."

"मला शिकवू नकोस. डबा विकणारा तू!" ती म्हणाली. पण पाकीट तिने त्याच्या हातात दिलं.