लिनेयाच्या आईची चिठ्ठी

“चार आहेत ना गं? नीट बघ, ओडेसा. दहाच्या ठोक्याला तो डबा उचलतात,” फिलिस जिन्यावरून ओरडली.

“सहा वर्षं टाकतेय मी चिठ्ठ्या. तू आधी तुझा चष्मा शोध. डोक्यावर आहे,” ओडेसा म्हणाली आणि विधानभवनाच्या लांबलचक बोळातून टेबलाकडे निघाली.

समितीपुढे बोलायचं असेल तर नाव, गाव, या विषयाशी नातं आणि कायद्याच्या बाजूने की विरोधात, एवढं चिठ्ठीवर लिहून त्या लाकडी डब्यात टाकायचं. चिठ्ठी नसेल तर खुद्द राज्यपालांच्या आईलाही बोलू देत नसत. गटातल्या सगळ्या बायकांच्या चिठ्ठ्या गोळा करून टाकण्याचं काम सुरुवातीपासून ओडेसाकडे होतं. ते तिला कुणी दिलं नव्हतं, तिने घेतलं होतं. शाळेची पिवळी बस चालवणाऱ्या बाईला वेळ पाळता येतो, यावर सगळ्यांचा विश्वास होता.

बोळाच्या टोकाला मेरिबेथ हालव्हर्सन टीव्हीवाल्यांच्या गराड्यात उभी होती. ओडेसाला पाहताच तिने कॅमेऱ्यासमोरूनच हात पुढे केला. “ओडेसा, राणी, माझीपण टाकशील? हे सोडतच नाहीयेत गं मला.”

“टाकते की,” ओडेसा म्हणाली.

राणी म्हणे. ओडेसाच्या अंगाचा तिळपापड झाला. टीव्हीवाल्यांनी आजवर तिला एकदाच काही विचारलं होतं, आणि ते म्हणजे स्वच्छतागृह कुठे आहे.

खरं तर मेरिबेथमध्ये खोड काढण्यासारखं काही नव्हतं, आणि ओडेसाला तोच सगळ्यात मोठा त्रास होता. बाई भली होती. भेटली की मिठी मारायची, प्रत्येकीच्या नातवंडांची नावं तिला पाठ होती. दोन वर्षांपूर्वी तिची तेरा वर्षांची लिनेया मैत्रिणीकडे राहायला गेली होती आणि तिथे बिनकुलपाच्या खणातल्या पिस्तुलाची गोळी लागून गेली. सगळं राज्य हळहळलं. राज्यपाल घरी जाऊन आले. शाळेच्या मैदानाला तिचं नाव दिलं. आणि ज्या कायद्यासाठी गटाच्या बायका सहा वर्षं या बोळातून चपला झिजवत होत्या, त्या कायद्याला वर्षभरात वाली मिळाला, क्रमांक मिळाला आणि नावही मिळालं. लिनेयाचा कायदा. घरात बंदूक असेल तर ती कुलपात ठेवा, एवढंच काय ते त्यात होतं.

ओडेसाचा टेव्हिन आठ वर्षांपूर्वी गेला. तो अकरा वर्षांचा होता. शेजारच्या घरी, सोफ्याच्या गादीखाली ठेवलेली बंदूक दुसऱ्या पोराच्या हाताला लागली. पेपरात चार ओळी आल्या आणि त्यातही वय नऊ छापलं. तिने फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, “दुरुस्ती छापू.” ती काही छापली नाही. टेव्हिनचा कायदा असं तिने एकदा आंघोळ करताना मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. कानाला बरं वाटलं होतं. त्यानंतरच्याच बुधवारी गटाच्या बैठकीत फिलिसने टाळ्या वाजवत नव्या नावाची बातमी सांगितली आणि सगळ्याजणी मेरिबेथच्या गळ्यात पडल्या. ओडेसाही पडली. त्या दिवशी तिने आणलेला लोण्याचा केक तसाच राहिला, कारण मेरिबेथने लिंबाच्या वड्या आणल्या होत्या.

आज ओडेसा बोलणार होती. सहा वर्षांत तीनदा तिची पाळी आली होती. दोनदा सभा बरखास्त झाली आणि एकदा अध्यक्षांना विमान गाठायचं होतं. माणशी दोन मिनिटं मिळत. आपल्या दोन मिनिटांचे दोन कागद तिने बसच्या स्टिअरिंगवर टेकवून इतक्यांदा वाचले होते की घड्या फाटायला आल्या होत्या.

टेबलापाशी पोचल्यावर तिने चिठ्ठ्या एकेक करून टाकल्या. फिलिसची, आणखी दोघींची, मग स्वतःची. पाचवी हातात राहिली. गोल, सुबक अक्षर होतं. ‘नाते’ असं जिथे विचारलं होतं तिथे मेरिबेथने लिहिलं होतं, लिनेयाची आई.

आज एक दिवस, फक्त एक दिवस, हिच्यानंतर बोलायला नको. हिच्यानंतर बोललं की लोक डोळे पुसत असतात, कुणाचं लक्ष नसतं. ओडेसाने चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. टेबलावरच्या बाईने दहाच्या ठोक्याला डबा उचलून नेला.

समितीच्या खोलीत उजवीकडे गटाच्या नारिंगी सदऱ्यातल्या बायका आणि डावीकडे विरोधातली मंडळी बसली होती. अध्यक्ष यादी वाचत होते. विरोधातले चौघे बोलून गेले. फिलिस बोलली, दुसरी बोलली. फिलिस परत येऊन ओडेसाच्या कानाशी लागली.

“तो कोपऱ्यातला जाड भुवयांचा बघ. स्टॅडलर. शेतकरी आहे, सगळा हिशेब त्याच्या मतावर अडलाय. पाचजण आपले, पाचजण त्यांचे. काल मला म्हणाला, त्या पोरीच्या आईच्या तोंडून ऐकेन, मगच ठरवेन.”

ओडेसाचा हात पर्सच्या चेनवर गेला. “मग आधी नाही सांगायचंस?”

“त्यात काय सांगायचं? ती बोलणारच आहे ना!”

तिसरी बोलून बसली. अध्यक्षांनी कागद उलटा केला. “शेवटचं नाव, ओडेसा प्रूइट.”

मागच्या बाकावरची मेरिबेथ उभी राहिली. “साहेब, माझं नाव राहिलंय. हालव्हर्सन.”

“बाई, यादीत नाही.”

“पण मी चिठ्ठी दिली होती.”

“नसेल पोचली. माफ करा. गेल्या आठवड्यात समोरच्या बाजूच्या एका दुकानदाराला मी याच कारणासाठी परत पाठवलं. आज तुमच्यासाठी नियम मोडला तर ते मला सोडतील का?”

डावीकडून कुणीतरी म्हणालं, “बरोबर आहे.” फिलिसच्या तोंडचं पाणी पळालं. मेरिबेथ खाली बसली. ती ओडेसाकडे बघतही नव्हती, नुसती हातातला लिनेयाचा फोटो उलटसुलट करत होती. स्टॅडलरने आपले कागद गोळा करून टोपी मांडीवर घेतली.

“माझा वेळ त्यांना देते,” ओडेसा म्हणाली.

“वेळ देता येत नाही, बाई. बोलायचं तर तुम्ही बोला.”

ओडेसा टेबलाशी जाऊन बसली. समोरचा हिरवा दिवा लागला. तिने दोन्ही कागद टेबलावर ठेवले, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ते पालथे घातले.

“मी ओडेसा प्रूइट. शाळेची बस चालवते. मला लिनेया हालव्हर्सनबद्दल बोलायचंय.”

“तुम्ही तिच्या कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

“कुणी नाही. मी तिला कधी पाहिलंही नाही.” ती सरळ स्टॅडलरकडे वळली. “ती क्लॅरिनेट वाजवायची. त्याची एक चावी तुटली होती, तिथे तिने रबर बांधलं होतं. नवीन घेऊ म्हटलं तर नको म्हणाली, याला माझी सवय झालीय म्हणे. सँडविचच्या कडा ती आधी खायची आणि मधला भाग शेवटी, कारण चांगलं शेवटी खायचं. त्या दिवशी मैत्रिणीकडे जाताना तिच्या पिशवीत दोन टूथब्रश होते. मैत्रीण तिच्याकडे राहायला यायची तेव्हा स्वतःचा नेहमी विसरायची. आता मैत्रीण स्वतःच्याच घरी असणार होती, पण हिने सवयीने दोन घेतले. अशी होती पोर.”

मागे कुणीतरी हुंदका दिला. तो कुणाचा, हे ओडेसाला वळून न बघताही कळलं.

“तिने कंगव्यासाठी खण उघडला. पिस्तूल कंगव्याच्या शेजारी होतं. कुलूप नव्हतं. दोघी पोरी ते बघायला लागल्या. त्या घरचा बाप वाईट नव्हता, साहेब. त्याला वाटायचं, तो खण पोरींना माहीत नाही. मी सतरा वर्षं पोरांची ने-आण करतेय. पोरांना सगळे खण माहीत असतात.”

पिवळा दिवा लागला. स्टॅडलरने टोपी पुन्हा टेबलावर ठेवली होती. ओडेसाने पालथ्या कागदांवर हात ठेवला.

“मला हे माहीत आहे, कारण माझा मुलगा—”

लाल दिवा लागला आणि घंटा वाजली.

“धन्यवाद, बाई,” अध्यक्ष म्हणाले. “वेळ संपली.”

मतदान झालं तेव्हा स्टॅडलरने सगळ्यात शेवटी, खाली बघत, हात वर केला. सहा विरुद्ध पाच. अजून मोठ्या सभागृहाचा डोंगर बाकी होता, तरी बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. फिलिसने ओडेसाचे गाल ओढले. “काय बोललीस गं! आणि ती चिठ्ठी कुठे गेली कोण जाणे. मेला तो डबाच फुटका असणार.”

ओडेसा पर्स उचलून बाहेर निघाली. बोळात मेरिबेथ खिडकीशी एकटीच उभी होती. ओडेसा तिच्यापाशी गेली, पर्सची चेन उघडली आणि चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली.

मेरिबेथने चिठ्ठी वाचली. स्वतःच्याच अक्षरातली, तरी बराच वेळ वाचली. तिचा चेहरा लालबुंद झाला.

“तू टाकलीच नाहीस?”

“नाही.”

“का?”

“जळते तुझ्यावर. दोन वर्षं जळतेय,” ओडेसा म्हणाली. “तुझ्या पोरीच्या नावाचं मैदान आहे, कायदा आहे. माझ्या पोराचं वयसुद्धा धड छापलं नाही. तुझ्यावर आलेलं प्रत्येक कात्रण मी कापून ठेवलंय. रबर, टूथब्रश, सगळं त्यातलंच. बुटाच्या खोक्यात आहे. राग यावा म्हणून वाचायची.”

“आज जर तो माणूस उठून गेला असता...”

“ठाऊक आहे.”

“नाही, तुला ठाऊक नाही!” मेरिबेथचा आवाज पहिल्यांदाच चढला. “मी आज तिच्यासाठी आले होते. रात्रभर आरशासमोर पाठ केलं होतं. ते माझं होतं, ओडेसा. ते मला बोलायचं होतं.”

“हो,” ओडेसा म्हणाली. माफ कर म्हणायला तिचं तोंड उघडलं, पण तो शब्द फारच स्वस्त वाटला.

बाहेर गटाच्या गाडीचा भोंगा वाजला. बोळातून हसणं, चपलांचे आवाज, निरोप असं सगळं हळूहळू ओसरलं. मेरिबेथने डोळे पुसले, चिठ्ठीची घडी करून खिशात टाकली. आता ही जाणार, असं ओडेसाला वाटलं. पण मेरिबेथने हात पुढे केला. तिचा चेहरा अजून रागावलेलाच होता.

“ते कागद दे.”

“कुठले?”

“तू पालथे घातलेस ते.”

ओडेसाने ते दिले. मेरिबेथ खिडकीच्या उजेडाकडे वळली आणि फाटत आलेल्या घड्या जपून उलगडून उभ्याउभ्या वाचू लागली. तिला मनातल्या मनात वाचता येत नसावं, कारण तिचे ओठ हलत होते. दुसऱ्या ओळीवर त्या ओठांनी टेव्हिन म्हटलं. पुढे आणखी एकदा म्हटलं.

भोंगा पुन्हा वाजला. फिलिस दारातून ओरडली, “येताय ना गं दोघी?”

ओडेसाने हातानेच तिला थांब म्हणून सांगितलं. शेवटचं मूल जागेवर बसेपर्यंत गाडी हलवायची नाही, ही तिची सतरा वर्षांची सवय होती. मेरिबेथने पहिला कागद मागे घातला आणि दुसरा वाचायला घेतला.