गाठीचा जादूगार

मित्रांनो, मी बोटभर उंचीचा, कथलाचा एक जुना जादूगार आहे. साच्यातून निघालो तेव्हाच माझ्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात पोथी. वाचायला मात्र मला एक अक्षर येत नाही. रंगवणाऱ्याने डोळे जरा तिरके काढले, त्यामुळे मी सतत कोणाची तरी चूक काढतोय असं लोकांना वाटतं.

मी राहतो दातांच्या डॉक्टर असलेल्या ताईंकडे. रविवारी दवाखाना बंद असला की बाहेरच्या खोलीत टेबलावर गुहांचा नकाशा पसरायचा. ताई गोष्ट सांगायच्या आणि समोरचा प्रत्येक जण त्या गोष्टीतलं एक पात्र होऊन माझ्यासारखी एक बाहुली नकाशावर हलवायचा. जादूगारासाठी ताईंचा खास नियम होता. मंत्र मोठ्याने, एका दमात म्हणायचा. अडखळलात तर तो आपल्याच माणसांवर उलटणार. माझं पात्र वकीलकाकांकडे होतं. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला की राक्षस गार! बरीच वर्षं कौतुक माझ्या वाट्याला आलं.

ताईंचा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. बोलताना तो अडखळायचा, म्हणून कायम ढालवाला व्हायचा. ढालवाल्याला फारसं बोलावं लागत नाही. डाव संपल्यावर मला डबीत ठेवायचा तोच, पण ठेवण्याआधी जरा वेळ हातात धरायचा.

वकीलकाका दुसऱ्या गावी राहायला गेले आणि मी रिकामा झालो. भावाने मला उचललं. पहिल्याच मंत्रात तो दुसऱ्या शब्दावर अडला. सगळे नकाशाकडे बघू लागले.

"असू दे रे, तुला नियम माफ," ताई म्हणाल्या. "मंत्र लागला असं धरू."

भावाचा चेहरा पडला. "म-माफी नको, ताई. मला ख-खेळायचंय."

मला खाली ठेवून, चपला घालून तो निघून गेला. पुढच्या रविवारी तो फिरकला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मला वाईट वाटलं.

मंत्र तोंडानेच का म्हणायचा, हे तोपर्यंत ताईंच्या कधी मनातच आलं नव्हतं. सगळा जन्म लोकांना 'आ करा' म्हणण्यात गेलेला! मग त्यांनी जादूगारांच्या नव्या जाती काढल्या. कुणी वाळूत रेघ ओढून जादू करणार, कुणी टाळ्यांचा ताल धरून, तर कुणी एका हाताने दोऱ्याला गाठ मारून. चुकलं तर शिक्षा मात्र सगळ्यांना तीच. मला आणि दोऱ्याचं रीळ घेऊन त्या थेट भावाच्या दुकानात गेल्या.

"नियम कडक आहे हं," त्या म्हणाल्या.

"ब-बघू."

त्याने बारीक कानशीने माझी पोथी घासून काढली आणि माझ्या मनगटाला दोरा गुंडाळला. मला जरा चुटपुट लागली.

रविवारी राक्षस समोर आला. भावाने दोरा उचलला. गाठ बसत आली होती, तेवढ्यात सुटली. माफी अगदी ताईंच्या ओठांवर आली होती.

"मंत्र उलटला," त्या म्हणाल्या. "सगळे भाजले."

"अरे धांदरटा!" खेळात दाढीवाला बुटका झालेल्या बेकरीवाल्या मावशी ओरडल्या. "माझी दाढी जाळलीस की! आधी गाठ मारायला शीक!"

भाऊ हसत सुटला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्याला तसं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, माझी पोथी गेली, रंग उडाला तरी चालेल. पण कोणी खेळाबाहेर बसलेला दिसला तर त्याला सवलत देऊ नका. त्याला तुमच्यासारखंच हरता येईल, अशी जागा करून द्या.