न कांडलेला मसाला

एप्रिल संपत आला की आमच्या सारसोळ्यात कोणाचं बोलणं धड पुरं होत नसे. अर्ध्या वाक्यात शिंक यायची. प्रत्येक गच्चीवर, पडवीत, सुकवायला टाकलेल्या होड्यांच्या पाठीवरसुद्धा मिरच्या वाळत असायच्या. संकेश्वरी, बेडगी, थोडी लवंगी. मग बायका टोपल्या घेऊन नेरूळला डंकावर मसाला कांडायला जायच्या, नंबर लावायच्या आणि लाल पापण्यांनी परत यायच्या. आता सुना पाकीट कापतात आणि काम होतं. मी त्यांना नावं ठेवत नाही, पण तो वास गेला तो गेलाच.

एकोणीसशे नव्व्याण्णव साली मात्र आमच्या घरात मसाला झाला नाही. त्या वर्षी एक ग्रह येणार होता.

कुठून आली ती बातमी, देव जाणे. रिक्षा स्टँडवर बोलत होते, केबलवर कुणीतरी सांगत होतं, सेक्टरातल्या शिकलेल्या बायकाही मासळी घेताना विचारायच्या, "मावशी, ऐकलंत का?" सूर्याच्या मागे लपलेला एक भटका ग्रह निघालाय आणि अधिक महिन्याच्या अमावास्येला तो पृथ्वीवर आदळणार. गावात सगळे मान डोलवायचे. आमचे हे, वामन, नुसते डोलवून थांबले नाहीत. हे गावचे पंच, भजनी मंडळाचे पुढारी. एकदा मानलं की मानलं.

मी मिरच्या आणून ठेवल्या होत्या. धणे, खडा मसाला, सगळं. हे म्हणाले, "पुतळे, पावसाला बघनार कोन हाय? कुनासाठी भरनी भरतंस?"

"मनस्वीसाठी," मी म्हणाले.

मनस्वी आमची एकुलती एक. माघात तिचं लग्न मोरा गावच्या मितेशशी झालं होतं. आमच्याकडे नुकतं लग्न झालेल्या लेकीच्या पहिल्या पावसाळ्याला माहेरची मसाल्याची भरणी जाते. सासरच्या आळीतल्या बायका जमतात, सासू भरणी उघडते, चिमूट चिमूट हातावर देते. आईचा मसाला कसा, तसा लेकीचा हात, असं त्या धरून चालतात. एकदा नाव पडलं की ते जन्मभर पुसत नाही.

"मनस्वी तरी कुठं राहनार हाय?" हे म्हणाले आणि त्यांचे डोळे भरले. ते बघून मला पुढे बोलवेना. त्यांनी मारुतीच्या देवळात सप्ताह बसवला. माझ्या सगळ्या मिरच्या, सगळा खडा मसाला गावजेवणाच्या आमटीत गेला. गावाने बोटं चाटली.

अमावास्या आली, गेली. सकाळी नळाला पाणीसुद्धा वेळेवर आलं.

तेव्हा मला कळलं की गावातल्या प्रत्येक घरात मसाला झालेला होता. टाळ वाजवणाऱ्या पंढरीच्या घरी, 'आता काय ऱ्हायलं' म्हणून रडणाऱ्या गोटीरामाच्या घरी, सगळीकडे. मी यांना म्हटलं, "सगले मानत होते ना?"

हे म्हणाले, "मानत होते. भरनी भरून मानत होते."

पाऊस लागला होता. मिरची वाळणार कुठे? ओली कांडली तर महिन्यात बुरशी. आणि दुकानातला मसाला मोऱ्याच्या बायका रंगावरून ओळखतील. तेवढ्यात मनस्वीचा फोन आला, शेजारच्या बूथवर. "आई, भरनी कवा आनतेस? सासू रोज ईचारते."

मी पदराखाली डबा घेऊन घरोघर निघाले. कोणी नाही म्हटलं नाही. पण कोणी फुकटही दिलं नाही.

"ग्रह कुठं ऱ्हायला गो पुतळे?"

"पाम बीचचा रस्ता अर्धवट हाय ना, खाडीत रुतला असंल."

"घे, घे दोन वाट्या. तुमच्याच आमटीची फेड समज."

मीही हसत होते. डबा भरत होता. घरी येऊन ते सगळं परातीत एकत्र केलं. कुणाचा काळपट, कुणाचा भगवा, कुणाच्यात मीठ जास्त. दोन्ही हातांनी कितीही कालवलं तरी रंग एक होईना. भरणी भरून उरला तो बरोबर न्यायला पुन्हा त्याच डब्यात घातला. हे दारात उभे राहून बघत होते. "मी पन येतो मोऱ्याला," एवढंच म्हणाले.

मोऱ्याला आमच्या पाहुणचाराची तयारी होती. ओटीवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. व्याही, धर्मराज, खुर्चीवर बसले होते. मनस्वी पदर सावरून सासूच्या मागे उभी. तिने माझ्याकडे बघून एकदाच हसून घेतलं, आणि मला वाटलं, ही भरणी इथेच हातातून सुटावी.

विहीणबाईंनी भरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला. चिमूट घेतली, जिभेवर ठेवली. दुसरी घेतली. मग सगळ्यांच्या हातावर दिली. बायका चाखत होत्या आणि एकमेकींकडे बघत होत्या.

"खारट लागतंय," एक म्हणाली.

"मिरची जलालेली हाय," दुसरी.

विहीणबाई वाईट नव्हत्या. त्या हळूच म्हणाल्या, "असू दे. हलूहलू शिकंल आमची सून."

मनस्वीचा चेहरा उतरला. तिच्या हाताची चव गावात नावाजलेली होती, पण इथे ते कोणाला ठाऊक? मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे उभे राहिले. पंचायतीत उभे राहतात तसे, हात मागे बांधून.

"ईनबाई, हा मसाला हिचा नाय," हे म्हणाले. "हिच्या मिरच्या मी गावाला खाऊ घातल्या. मना वाटला, ग्रह येनार, सगला संपनार. हिनं घरोघर मागून हा आनलाय. हिच्या हाताला नाव ठेवू नका, पोरीच्या पन नको. ठेवाचा तर मना ठेवा."

मग धर्मराज व्याह्यांनी विचारलं, "मंग व्याही, आता कवाची तारीख हाय?"

ओटीवर हशा फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. मी मनस्वीकडे पाहिलं. ती बापाकडे बघत होती. मग तिने सासूकडे पाहिलं, आणि तीही हसली. आधी थोडं, मग इतरांसारखंच, मोठ्याने. हे तसेच उभे होते. बसावं की निघावं, त्यांना कळत नव्हतं.

पुढच्या वर्षी मी दोन भरण्या पाठवल्या. मोऱ्यात मनस्वीच्या हाताला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. पण तिच्या बापाला तिथे 'ग्रहवाले व्याही' हेच नाव राहिलं. ते पुन्हा मोऱ्याला गेले नाहीत. नातवाच्या बारशालाही 'पाय दुखतो' म्हणाले.

त्या भरणीच्या दिवशी मोऱ्याहून परतताना एस.टी.त हे खिडकीशी बसले होते. बाहेर मिठागरांत पावसाचं पाणी साचलं होतं. बराच रस्ता गेल्यावर म्हणाले, "पोरगी हसली, बघितलंस?"

मला वाटलं, आता हे रडतील. मी म्हटलं, "तिला त्यांच्यातच ऱ्हायाचा हाय."

"तेच बोलतो," हे म्हणाले. "हसली ते बरा झाला."

त्यांनी तो घरोघर फिरवलेला, आता रिकामा झालेला डबा माझ्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि नेरूळ येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला.