घाई कोणाची

बारा

बाईंनी अंगठा ओला केला आणि फॉर्म तिसऱ्यांदा मोजले. दोन एकमेकांना चिकटले असतील, एवढीच आशा उरली होती. चिकटले नव्हते.

"किती झाले?" शेजारच्या टेबलावरून विज्ञानाच्या सरांनी विचारलं.

"बारा."

"म्हणजे बारा वाजले म्हणायचे."

बाई हसल्या. सरांच्या विषयाला पंचेचाळीस मुलं होती. त्यांना विनोद परवडत होते.

नियम साधा होता. पुढच्या वर्षासाठी ज्या ऐच्छिक विषयाला पंधरा मुलं मिळणार नाहीत, तो विषय बंद. फॉर्म आज चारपर्यंत. बाईंचा विषय म्हणजे व्यापार, जाहिरात आणि घरखर्चाचं नियोजन. मुलं त्याला सरळ 'धंदा' म्हणत. बाईंना पगार तासावर मिळे. तास नाही तर बाईही नाहीत. त्यात नवरा कामाला होता तो कारखाना दोन महिने आठवड्यातले चारच दिवस चालत होता. सकाळी डबा हातात देताना सासूबाईंनी विचारलं होतं, "आली का गं मुलं?" जणू पाहुणेच यायचे होते.

बारा, पुन्हा

जिन्यापाशी बाईंनी स्वतः रंगवलेलं पोस्टर होतं. 'पैसा बोलतो. त्याची भाषा शिका.' खाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आमच्याशी अबोला आहे.'

वर्षभर माल कसा खपवावा ते शिकवलं, आणि स्वतःचा माल फळीवर धूळ खात पडलेला.

तेरा

शाळेच्या संघाचा गोलकीपर व्हरांड्यातून धावत आला.

"बाई, घ्या. मला त्या गणितातून सुटायचंय."

"आकडेमोड इथेही आहे."

"असू दे. तुमची पैशांची असते. तेवढी जमते."

सर जवळ असते तर 'तीन तेरा' म्हणाले असते. बाईंनी फॉर्म बाकीच्यांत सरकवला. आणखी दोन. त्यातला एक कोणाकडून येईल याचा त्यांना अंदाज होता. दुसऱ्याचं बघू.

तेरा, तीन वाजून वीस मिनिटं

शेवटचा तास. पंख्याने उडू नयेत म्हणून फॉर्मवर डस्टर ठेवलं होतं.

"कोणाचे राहिलेत?" बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला. या मुलीला सगळे 'वकील' म्हणत. वर्गात मॉनिटर कोण हे ठरवतानाही तिने पुरावा मागितला होता.

"भरला नाहीस?"

"भरलाय. बाबांची सहीपण झालीय. दप्तरात आहे."

"मग दे की."

"उद्या सांगते."

"आज चारपर्यंतच आहे गं."

"म्हणूनच."

कोणीतरी फिस्सकन हसलं. वकील उभी राहिली. आवाजात उद्धटपणा नव्हता. पाठ केलेलं म्हणून दाखवतात तसा आवाज होता.

"तुम्हीच शिकवलंत बाई. आजच सही करा, आत्ताच करा, असं कोणी म्हणालं की समजायचं, घाई त्याची आहे, आपली नाही. त्या विम्याच्या गोष्टीत."

"गुरूची विद्या गुरूला," मागून आवाज आला.

विम्याची ती गोष्ट बाईंची स्वतःची होती. सांगताना त्यांनी ती एका मैत्रिणीच्या नावावर खपवली होती, आणि मुलं पोट धरून हसली होती.

"आणि विचारायचं, आज नाही केलं तर नुकसान कोणाचं? म्हणून विचारते. कोणाचं?"

विकणारा यावर काय म्हणतो, हे बाईंनी तेव्हा नक्कल करून दाखवलं होतं. 'तुमचंच की हो ताई.' ते वाक्य आता आयतं जिभेवर आलं. वर्गातल्या पस्तीस जणांचे कान तिकडेच होते.

"माझं," बाई म्हणाल्या.

पुढचं वाक्यही तयार होतं. माझी नोकरी जाईल. पण तो धडासुद्धा झाला होता, गयावया करून खपवलेल्या मालाचा. बाईंनी ते वाक्य गाळलं.

"आणि माझं?" वकील म्हणाली.

बाई बोटांत खडू फिरवत राहिल्या. तो मोडला.

"तुझं फारसं नाही. निम्मं यंदाचंच पुन्हा येतं. उरलेलं म्हणजे कर आणि कर्ज. उपयोगाचं आहे. पण तुला नुसतं पुस्तक दिलं तरी कळेल."

"मग उद्या सांगते," म्हणून ती खाली बसली.

चौदा

घंटा झाली. वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी टेबलापाशी घुटमळली.

"निम्मं पुन्हा आहे ना, नक्की?"

"आहे."

"मग घ्या. मला पहिल्यांदा कळलंच नव्हतं."

बाईंना हसू आलं. एक. फक्त एक हवा होता.

चौदा, चाराला सहा मिनिटं कमी

"एकासाठी अडता, बाई?" ऑफिसात भाऊसाहेबांनी यादीवरून मान वर केली. शाळेची सगळी कागदपत्रं त्यांच्या हातून जात. "ती वकील ना? देणारच आहे ती. कोरा फॉर्म आहे माझ्याकडे, तिचं नाव आत्ताच टाकतो."

"ती उद्या सांगणार आहे. नाही म्हणाली तर?"

"तोवर यादी मोठ्या बाईंकडे पोचलेली असेल."

"नको, भाऊसाहेब."

"तत्त्वांवर चूल पेटते का?"

"नाही पेटत. द्या ती यादी, मीच लिहिते."

बाईंनी आपल्या विषयापुढे चौदा लिहिलं. त्याच्यापुढे सही करायची जागा होती, आणि बाई ती शोधत असल्यासारख्या कागदावर वाकून राहिल्या.

दार ढकललं गेलं. वकील धापा टाकत उभी होती, एका खांद्यावर दप्तर.

"बाई, एक विचारायचं राहिलं. तुमचं नुकसान म्हणजे किती?"

भाऊसाहेबांनी घसा खाकरला. सांगा की, असा त्याचा अर्थ होता. भिंतीवरच्या घड्याळात चाराला तीन मिनिटं कमी होती.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"बस. चार वाजून गेले की सांगते."

"आत्ता का नाही?"

"बस गं."

ती बसली. दप्तर मांडीवर घेतलं. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि उगाचच एक फाईल उघडली. बाहेर मैदानावर कोणीतरी कोणालातरी हाका मारत होतं.

मुलीने घड्याळाकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग टेबलावरच्या यादीकडे, त्यातल्या आकड्याकडे, आणि बराच वेळ तिथेच.

दप्तराची चेन सरकल्याचा आवाज आला. बाई खिडकीकडे बघत राहिल्या.